उपडं पिंप

मी अर्धं पिंप बोलतोय. अख्खा होतो तेव्हा माझ्यात वाईन असायची आणि लोक मला जपायचे. पुढे आंबूस वास यायला लागला, तसं ओब्राद म्हाताऱ्यानं करवत घेतली आणि मला मधोमध कापलं. वरच्या अर्ध्यात त्याच्या बायकोनं, पर्सिदानं, फुलझाडं लावली. खालचा अर्धा मी, तो गेलो कासवाच्या वाट्याला.

कासव म्हणजे तळ्यातलं नव्हे, जमिनीवरचं. ओब्रादनं जत्रेतून आणलं तेव्हा तळहातावर मावत होतं. विकणारा म्हणाला, एवढंच राहतं. विकणाऱ्याचं काय जातं सांगायला? वाढता वाढता दोघांनी मिळून उचलावं लागेल असं धूड झालं. नाव ठेवलं वजीर.

ओब्राद मला वीतभर पाण्यानं भरायचा आणि काठाला फळी लावायचा. वजीर फळी चढून धपकन आत पडायचा, मान खाली घालायचा आणि पीत राहायचा. घशाची सुरकुतलेली कातडी हलताना बघत राहावंसं वाटे. थंडीतही हे चुकलं नाही. अंगण गोठलं की डुकरांच्या जुन्या खोलीत चूल पेटायची, किटलीभर गरम पाणी माझ्यातल्या गार पाण्यात पडायचं. पर्सिदा दारातून ओरडायची, "अहो, मारताय का त्याला? हिवाळ्यात कोणी अंग भिजवतं?" ओब्राद ऐकायचा नाही.

मग ओब्राद मेला. अंघोळ करून ओल्या डोक्यानं वजीरला बघायला आला होता, इथंच कोसळला. डॉक्टर म्हणाले, हृदय. पर्सिदा म्हणाली, ओलं डोकं. हिच्यापुढे डॉक्टर काय टिकतोय!

पुढच्या हिवाळ्यात तिनं मला उपडं केलं आणि माझ्यावर उशी टाकली. मी स्टूल झालो. वाईनचं पिंप, आणि काय नशीब बघा.

वाईट बाई नव्हती. म्हणूनच तर राग येतो. खिडकीच्या फटी तिनं लोकरीच्या चिंध्यांनी बुजवल्या, चूल विझू दिली नाही. माझ्यावर बसून विणायची आणि वजीरला गावातल्या भानगडी सांगायची. खायला कोरडं गवत, प्यायला काही नाही. शेजारचा झिवान लाकडं टाकायला यायचा, त्यानं एकदा विचारलं.

"काकू, पाणी नाही ठेवत याला?"

"गप रे. ओल्या अंगाला वारा लागला की मूत्रपिंडं जातात. काकांचं काय झालं, विसरलास?"

"काकांचं हृदय गेलं ना?"

"आणि ते कशानं गेलं? जागेवर नीट होतं की आधी!"

झिवान हसला. "असेल बाई. नाहीतरी वाळवंटातलं जनावर. याला पाण्याचं काय कौतुक!"

एक भित्री, एक दीडशहाणा. जनावराची तहान दोघांत मिळून संपवून टाकली.

वजीर आधी पांढरं, ताकासारखं मुतायचा. मग त्यात चुन्याची कचकच यायला लागली. मग तेही थांबलं. डोळे आत गेले, गवत तसंच पडून राहिलं. पर्सिदा म्हणायची, "गारठलास रे राजा," आणि चुलीत आणखी लाकूड सारायची. ती कोरडी धग त्याला पीत होती आणि मलाही. माझ्या फळ्या आकसल्या, लोखंडी पट्टे सैल पडले. मी करकरायचो, तर म्हणायची उंदीर आहेत.

घराण्याच्या रक्षक संताचा वार्षिक सण असतो, त्या दिवशी जेवायला मुलगा, विटोमिर, शहरातून आला. जेवण सोडून इकडे आला, वजीरचं डोकं हातात घेतलं, आणि ते हातात तसंच पडून राहिलं. त्यानं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला.

"आई, तो म्हणतो वाळवंटातही हे उघड्यावर राहत नाही, बिळात राहतं. बिळात ओल असते. आत्ताच्या आत्ता कोमट पाण्यात बसव म्हणतो."

"डिसेंबरात? बाप घालवलात, आता हाही घालवा."

"बाबा दर हिवाळ्यात बसवायचे!"

"म्हणूनच गेले!"

ती उठली, रडत रडत, आणि स्वतः पातेलं चुलीवर ठेवलं. माझ्यावरची उशी काढली. मला सुलटं केलं.

पाणी ओतलं. एका बाजूनं आलं, सगळ्या बाजूंनी गेलं.

पुन्हा ओतलं. विटोमिरनं चिंध्या कोंबल्या, पट्टे हातोडीनं ठोकले. झिवानला हाक मारून दोघांनी वजीरला माझ्यात ठेवलं. त्यानं मान खाली घातली, तोंड तळाला लागलं, तोवर तळ कोरडा. लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. झिवान गवंड्याकडची सिमेंट कालवायची प्लॅस्टिकची पेटी आणायला धावला. तो ती घेऊन आला तेव्हा वजीरनं डोळे मिटले होते. कोमट पाण्यात ठेवलं तरी उघडले नाहीत.

आता पर्सिदा फाटकाशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "भर थंडीत भिजवला हो. भिजवला आणि गेला. मी सांगत होते." बायका मान हलवतात. त्यांच्यातल्या एकीच्या घरी असंच कासव आहे, लहान. ती म्हणाली, "मी तर थेंब लावत नाही." पर्सिदा म्हणाली, "शहाणी आहेस."

मला तोंड असतं तर त्या बाईला तिथंच थांबवलं असतं. पाज गं त्याला, कोमट पाण्यात हनुवटीपर्यंत बसव, चूल पेटवतेस तर रोज बसव. पण पिंपाचं कोण ऐकतं.

मला त्यांनी वळचणीखाली टाकलं. बर्फ पडलं, वितळलं, फळ्या फुगल्या आणि जुळल्या. मी काठोकाठ भरलोय, थेंब गळत नाही. परवा झिवान विचारत होता, बदकांना नेऊ का? ती म्हणाली, "नको. राहू दे. वजीरचं आहे."