मॉस घरात का मुतायचा

"बाबा, तुमचा कुत्रा परत मुतलाय!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "या खेपेला टेबलाखाली."

आजोबांनी टोस्टवरून मान वर केली नाही. "कुणीतरी पाणी सांडलं असेल."

"पाण्याला असा वास येतो?"

मॉस हा आजोबांचा केल्पी जातीचा मेंढपाळ कुत्रा. उभी हयात मेंढ्या वळण्यात गेलेली, झोपायला शेडमधली पोती. आजोबांनी मेंढ्यांचं रान विकलं आणि दोघंही ऑस्ट्रेलियातल्या डेनिलिक्विन गावात आमच्या घरी राहायला आले. मॉसने आयुष्यात पहिल्यांदा गालिचा पाहिला. शेवटी आईने सांगून टाकलं: हे थांबलं नाही, तर रविवारी कॉलिनमामा येऊन मॉसला आपल्या शेतावर घेऊन जाईल. त्या दिवशी आजोबांनी ताटातलं मटण तसंच ठेवलं आणि टेबलाखाली हात नेऊन मॉसचे कान चोळत बसले.

मी नुकतीच प्राणिशास्त्राची पदवी घेऊन घरी आले होते, त्यामुळे प्रकरण माझ्याकडे आलं. आधी लघवी तपासून घेतली. संसर्ग नव्हता, साखर नव्हती, मूत्रपिंडं ठणठणीत. मॉस अंगणातही वेळच्या वेळी जायचा. मला खटकत होतं ते वेगळंच. कुत्रा स्वतःच्या वासाच्या मागावर बहुधा त्याच जागी परत जातो. मॉस मात्र कधी सोफ्यापाशी, कधी टीव्हीपाशी, कधी न्हाणीघराच्या दारात.

"मुद्दाम करतो तो," आई म्हणाली. "माझ्यावर राग आहे त्याचा."

"राग असता तर तुझ्या चपलेत मुतला असता," आजोबा म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मी बैठकीच्या खोलीत जमिनीवरच ठाण मांडलं. आजोबा आपला चार चाकांचा वॉकर ढकलत आले, तो खिडकीपाशी लावला आणि खुर्चीत बसले. मॉस उठला. सोफ्याकडे त्याने पाहिलंही नाही. सरळ वॉकरपाशी गेला, मागचं चाक हुंगलं आणि हजेरी लावल्यासारखा शांतपणे पाय वर केला. एवढ्यात आजोबांना चष्मा आठवला. ते वॉकर घेऊन स्वयंपाकघरात गेले. खिडकीपाशी नुसतं थारोळं उरलं.

मॉस जागा बदलतच नव्हता. त्याच्या जागेलाच चाकं होती.

"आजोबा, शेतावर पिकअपमध्ये चढण्याआधी मॉस काय करायचा?"

"काय करणार? मागच्या चाकावर मुतायचा, मग उडी मारून वर. चाक भिजवल्याशिवाय गडी कधी कामाला..." ते थांबले. वॉकरकडे बघितलं. मग खोकला लागेपर्यंत हसत सुटले.

"म्हणजे हा कुत्रा याला गाडी समजतो?" आई.

"रबरी चाकं आहेत आणि चालवणारे आजोबा आहेत. अजून काय हवं त्याला?" मी म्हटलं. "चाकं नीट धुऊ. आणि रोज सकाळी वॉकर आधी रस्त्यावर न्यायचा. चाक बाहेरच भिजू दे, पाइपने धुवा, मग आत आणा."

आजोबांचं हसू मावळलं. "ते म्हाताऱ्यांचं ढकलगाडं घेऊन मी रस्त्यावर जाऊ? सगळं गाव बघेल."

"मग कॉलिनला येऊ दे?" आई म्हणाली.

आजोबांनी मॉसकडे बघितलं, मॉसने त्यांच्याकडे.

शनिवारी सकाळी आजोबा रुंद काठाची हॅट घालून फाटकाबाहेर उभे होते, कान लालबुंद. समोरच्या डल्सीबाई झाडांना पाणी घालत होत्या.

"काय रे मर्व्हिन, नवी गाडी घेतलीस?"

"हो. दिसत नाही का?"

मॉसने पाय वर केला.

"अरे, तुझी गाडी गळतेय!"

"गळत नाहीये, डल्सी. सुरू होतेय."

आणि मॉस निघाला. शेपटी वर, जणू पुढे कळप आहे. आजोबा वॉकर ढकलत त्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेले, आणि मग कोपऱ्यापलीकडेही.

आई दारातून बघत होती. तिच्या कानाला फोन होता.

"कॉलिन, उद्या ये तू. हो, पण नुसता जेवायला ये."