सुटे मिळतील

इस्पितळाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, मिस्त्रींचं राज्य होतं. राज्य म्हणजे एक लांबट खोली, एक जाडजूड टेबल, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने आणि दुरुस्तीला आलेल्या चाकांच्या खुर्च्यांची रांग. वर डॉक्टर माणसं बरी करत, खाली मिस्त्री खुर्च्या. आपलंच काम बरं, असं त्यांचं मत होतं. आपला पेशंट कण्हत नाही आणि त्याचे नातेवाईक दर पाच मिनिटांनी विचारायला येत नाहीत.

खुर्च्यांचं मात्र एकमेकींशी पटत नसे. कुठून कुठून देणगी म्हणून आलेल्या. कुणाचे बोल्ट इंची मापाचे, कुणाचे मिलिमीटरचे, आणि दोन-तीन खुर्च्या तर अशा, की त्यांचं माप बनवणाऱ्यालाच ठाऊक. बोल्टावर जे पिळाचे वळसे असतात त्यांना आटे म्हणतात, आणि आटे जुळले नाहीत तर बोल्ट कितीही चकचकीत असो, त्याचा उपयोग कागदावर वजन म्हणून ठेवण्यापुरताच.

असा एखादा नखरेल बोल्ट तुटला, की मिस्त्री तो खिशात टाकून बाजारात जात. बाजारात नट-बोल्टांची अख्खी गल्ली होती, पण तिथे एक बोल्ट मागणं म्हणजे स्वतःचा पाणउतारा करून घेणं. ‘‘एक? एक कोण देतं हो? पेटी घ्या, नाहीतर किलोवर घ्या,’’ असं म्हणून दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळत. एकाने तर ‘‘एकाचं काय, कानात घालणार का?’’ असंही विचारलं होतं. गल्लीच्या पार टोकाला, जिथे जायचा लोक कंटाळा करत, तिथे शेवटचं एक दुकान होतं. त्याच्या पाटीवर मालकाचं नाव नव्हतं, एवढंच लिहिलं होतं: सुटे मिळतील.

दुकान एका बाईंचं. वडिलांच्या मागे त्यांनीच ते चालवलं, आणि चालवता चालवता लग्न राहून गेलं, असं गल्लीतले लोक म्हणत. जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येक खणाच्या दर्शनी बाजूला आतल्या मालातला एक बोल्ट बसवलेला. चिठ्ठ्या नाहीत, आकडे नाहीत. तुम्ही तुटका तुकडा पुढे केलात, की बाई तो उजेडात धरत, एका ओळखीच्या बोल्टाला चिकटवून आटे आट्यांत बसतात का ते बघत आणि सरळ एका खणाकडे चालू लागत. गल्लीतले पेटीवाले स्वतः अडले, की गुपचूप इथेच येत.

मिस्त्री पहिल्यांदा गेले ते बोल्टासाठीच. दुसऱ्यांदाही बोल्टासाठीच. पुढचं काही सांगता येत नाही. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, थोरल्या भावाच्या घरी माडीवरच्या खोलीत ते राहत, आणि आपलं सगळं झालं-गेलं आहे अशा समजुतीत मजेत होते. पण त्या दुकानात एक स्टूल होतं, आणि बाई खण उघडता उघडता विचारत, ‘‘आज कुठली खुर्ची?’’ मग मिस्त्री सांगत. लंगडी, रुसकी, उजवीकडे ओढणारी. बाई ऐकत आणि मधूनच अशा काही हसत, की मिस्त्रींना आणखी दहा खुर्च्या मोडाव्यात असं वाटे.

म्हणून दोन बोल्ट तुटले असले तरी ते एकच घेत. दुसरा पुढच्या खेपेला. यात कामचुकारपणा नव्हता हे सांगायला हवं; पेशंटची खुर्ची त्यांनी कधी अडवली नाही, हे सगळे लाड अडगळीतल्या जादा खुर्च्यांच्या जिवावर चालत. आणि प्रत्येक खेपेला त्यांना बाईंना काहीतरी विचारायचं असे. वाक्य ते वाटेवर पाठ करत. दुकानात स्टुलावर बसल्यावर घसा साफ करत, बाई वर बघत, आणि मिस्त्री म्हणत, ‘‘बराय, निघतो.’’ तीन वर्षं त्यांची गाडी या स्टेशनाच्या पुढे गेली नव्हती.

घरी वहिनींना सगळं कळलेलं होतं, कारण वहिनींना सगळं कळतंच. ‘‘भाऊजी, आज कुठला स्क्रू ढिला झाला?’’ असं त्या ताट वाढताना विचारत, आणि मिस्त्री वाटीत बघत जेवत.

असं छान चाललं असताना इस्पितळाच्या भांडारात नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हुशार होता, आणि म्हणूनच पंचाईत झाली. त्यांनी मिस्त्रींना बोलावलं आणि बसायला सांगितलं.

‘‘एकेका बोल्टासाठी तुम्ही तासभर बाहेर असता,’’ साहेब म्हणाले. ‘‘या विचित्र मापांच्या खुर्च्या आता भंगारात काढू. राहतील त्या सगळ्या आठ मिलिमीटरवाल्या. त्यांच्या बोल्टांची एक पेटी आणून ठेवा. दोन-तीन वर्षं बघायला नको.’’

मिस्त्री प्रतिवाद शोधू लागले. पण साहेबांचं म्हणणं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत बरोबर होतं, आणि बरोबर म्हणण्याशी भांडणार कसं? ते ‘‘बरं’’ म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्यांनी चिठ्ठी पुढे केली. ‘‘पेटी हवी होती,’’ ते म्हणाले. ‘‘शंभराची.’’

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. ‘‘माझ्याकडून पेटी कोणी नेत नाही.’’

‘‘माहीत आहे. पण दुसरीकडून घ्यावीशी वाटेना.’’ मग त्यांनी साहेब, भंगार, दोन-तीन वर्षं, सगळं सांगितलं. स्टुलावर न बसता.

‘‘म्हणजे आता येणं होणार नाही तुमचं,’’ बाई म्हणाल्या.

आता बघा, एरवी दैव इतकं सरळ दार उघडून समोर उभं राहत नसतं. तीन वर्षं पाठ केलेलं वाक्य इथे अलगद बसलं असतं. मिस्त्रींनी घसा साफ केला आणि म्हणाले, ‘‘नाही ना. काम नसेल तर कशाला यायचं?’’

यावर आपण फक्त कपाळाला हात लावू शकतो. बाईंनी चिठ्ठीची घडी घातली. आतल्या खोलीत गेल्या, बऱ्याच वेळाने सुतळीने बांधलेली पेटी घेऊन आल्या आणि गल्ल्यावर ठेवली. मिस्त्री पेटी काखेत मारून बाहेर पडले. छोटीशी पेटी, पण इस्पितळापर्यंत नेताना दोनदा हात बदलावा लागला.

त्या रात्री ते अर्धं जेवून उठले. ‘‘काय झालं?’’ वहिनींनी विचारलं.

‘‘काही नाही. बोल्टांची पेटी आणली.’’

‘‘पेटी आणली म्हणून कोणी असं तोंड करतं का?’’ वहिनी म्हणाल्या. पण चेहरा बघून पुढची चेष्टा त्यांनी गिळली.

सकाळी मिस्त्रींनी पेटीची सुतळी सोडली. एका खुर्चीची पायटेकणी बसवायची होती. बोल्ट भोकात घातला, बोटांनीच दोन फेरे दिले आणि तो अडला. पान्याने जोर लावणारे वेगळे. मिस्त्रींनी ताबडतोब बाहेर काढला. दुसरा घातला, दोन फेऱ्यांवर अडला. तिसरा तसाच. मग त्यांनी एक बोल्ट दुसऱ्या खुर्चीतून काढलेल्या आठ मिलिमीटरच्या बोल्टाला चिकटवून दिव्यासमोर धरला, तर मधून उजेड दिसत होता. पेटीतला माल इंची होता. अडीच सुती; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जाडीला आठ मिलिमीटरसारखाच दिसतो, साध्या डोळ्यांना फरक कळत नाही, आणि बाजारात निम्मी फसवणूक यातच होते. पण फसतं ते गिऱ्हाईक. बाई नव्हेत.

दुसरा कोणी असता तर चिडला असता. मिस्त्री घाबरले. उजेडात नुसतं धरून ज्यांनी आटे ओळखावेत, त्या बाईंकडून अख्खी पेटी चुकीची? त्यांची तब्येत ठीक नसेल. डोळे अधू होत असतील. आणि साहेबांना कळलं तर साहेब पत्र पाठवणार, गल्लीत बोभाटा होणार, पेटीवाले खिदळणार. मिस्त्रींनी पेटी फडक्यांच्या ढिगाखाली लपवली आणि दिवसभर टेबलाजवळ पहारा दिल्यासारखे बसून राहिले. त्या पायटेकणीला त्यांनी अडगळीतल्या एका जादा खुर्चीचा आठ मिलिमीटरचा बोल्ट काढून लावला, तेव्हा कुठे काम भागलं.

संध्याकाळी न राहवून त्यांनी वहिनींना सांगितलं. तिन्ही बोल्ट, दोन फेरे, डोळ्यांचा संशय, सगळं. वहिनी पोळी लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं. त्यांनी दिराकडे असं काही पाहिलं, जसं आई परीक्षेत नापास झालेल्या पण स्वभावाने गोड मुलाकडे पाहते.

‘‘उद्या सकाळी जा आणि बदलून आणा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि तो इस्त्रीचा शर्ट घालून जा.’’

‘‘बोल्ट बदलायला इस्त्रीचा शर्ट कशाला?’’

‘‘मी सांगते म्हणून,’’ वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा लाटू लागल्या.

वाटेत मिस्त्रींनी सगळी योजना आखली. बाईंना चूक दाखवायची नाही. मरेपर्यंत दाखवायची नाही. चूक आपल्या अंगावर घ्यायची, डोळ्यांचा विषय हळूच काढायचा, आणि यायचं. दुकान नुकतंच उघडलं होतं. बाई फडक्याने खण पुसत होत्या. शर्टाकडे त्यांचं लक्ष गेलं.

‘‘बाई, माझ्याकडून जरा घोटाळा झाला,’’ मिस्त्री पेटी ठेवत म्हणाले. ‘‘माप सांगताना चुकलो मी.’’

‘‘काय सांगितलं होतंत?’’

‘‘अडीच सूत म्हणालो असेन.’’

‘‘तुम्ही आठ मिलिमीटरची चिठ्ठी दिलीत. अक्षरसुद्धा चांगलं सुवाच्य होतं.’’

‘‘चिठ्ठीच चुकीची लिहिली होती,’’ मिस्त्री रेटून म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्याने त्यांचे कान लाल झाले होते. ‘‘माझाच वेंधळेपणा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि... आमच्याकडे डोळ्यांचे डॉक्टर फार चांगले आहेत. माझ्या ओळखीचे आहेत. सहज म्हणून तपासून घ्यायला काय हरकत आहे?’’

बाईंनी फडकं खाली ठेवलं. ‘‘माझे डोळे तपासायचे?’’

‘‘सहज म्हणून.’’

‘‘मिस्त्री,’’ बाई म्हणाल्या, ‘‘माझे डोळे ठणठणीत आहेत. पेटी मी मुद्दाम दिली.’’

बाहेर एक हातगाडी खडखडत गेली.

‘‘बरोबर मापाची पेटी हातात घेतली होती,’’ बाई म्हणाल्या. आता त्या खणांकडे बघून बोलत होत्या. ‘‘मग वाटलं, हे दिले की संपलं. हा माणूस दोन-तीन वर्षं तोंड दाखवणार नाही. म्हणून ती ठेवली आणि शेजारची उचलली. इतक्या वर्षांत कधी चुकीचा माल दिला नाही मी कोणाला. दोन रात्री झोप नाही आली. खरी पेटी बांधून तयार आहे, आज तुम्ही आला नसतात तर दुपारी मीच घेऊन येणार होते इस्पितळात.’’

मिस्त्रींना बसावंसं वाटलं. स्टूल होतं म्हणून बरं, नाहीतर ते जमिनीवरच बसले असते. आदल्या सकाळपासून त्यांनी बाईंचे डोळे, तब्येत, वय, सगळ्याची काळजी केली होती. ही एक गोष्ट तेवढी डोक्यात आली नव्हती. आणि ती आल्यावर इतका आनंद झाला, की हातांचं काय करावं ते कळेना.

‘‘हवं तर असं करू,’’ बाई म्हणाल्या. आवाज पुन्हा दुकानदारणीचा झाला होता, पण पुरता नाही. ‘‘पेटी एकदम बदलून नेऊ नका. आमच्याकडे सुटाच व्यवहार. एक आणून द्यायचा, एक बदलून न्यायचा. शंभर आहेत. तेवढ्यात तुम्हाला बोलायला काहीतरी सुचेलच.’’

‘‘नको,’’ मिस्त्री म्हणाले.

बाईंचा चेहरा उतरला.

‘‘खुर्च्यांवर माणसं बसतात, त्यांचं अडायला नको. पेटी एकदमच द्या.’’ त्यांनी घसा साफ केला. ‘‘मी उद्याही येईन. परवाही येईन. बोल्ट नको असला तरी. तुम्हाला चालणार असेल तर कायमचाच येत जाईन.’’

बोलून झाल्यावर आपण हे बोललो, हे त्यांचं त्यांनाच खरं वाटेना. बाईंनी खरी पेटी गल्ल्याखालून काढली, सुतळीची गाठ उगाचच सोडली, पुन्हा बांधली.

‘‘कामाशिवाय येणाऱ्याला दुकानात जागा नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गिऱ्हाइकांचा खोळंबा होतो. त्याने वर घरी यायचं. जिना बाजूच्या बोळात आहे.’’

मिस्त्रींनी बोळ डावीकडचा की उजवीकडचा, जिन्याला कठडा आहे का, दाराला घंटा आहे की कडी वाजवायची, सगळं नीट विचारून घेतलं, आणि मगच पेटी उचलली.