काळाचौकीच्या सातव्या मजल्यावरचा समुद्र

मी एक जुनी काचेची टाकी आहे. मित्रांनो, जवळ या, पण काचेवर बोट टेकवू नका. बोट टेकवणाऱ्या माणसाच्या मनात काय असते, याचा मला कधीच भरवसा वाटलेला नाही. तीन बाजूंनी उघड्यावर जगणाऱ्याला संशयी व्हावेच लागते.

माझा जन्म भायखळ्याच्या एका काचवाल्याच्या गाळ्यात झाला. पाच जाड काचा आणि सांध्यांत भरलेला चिकट सिलिकॉन, झाले मी तयार. लगेच पाणी भरून सगळे माझ्याकडे टक लावून बसले. का, तर मी गळते की काय! जन्मल्याबरोबर जिच्यावर संशय घेतला गेला, तिचा स्वभाव कसा होणार ते तुम्हीच ठरवा.

रघुवीर मला काळाचौकीला घेऊन आला. जिथे त्याच्या गिरणी कामगार वडिलांची चाळ होती, तिथेच आता उंच इमारत आहे आणि तिच्या सातव्या मजल्यावर त्याचे घर. तो विमा कंपनीत नोकरी करतो. त्याने माझी पाठ गडद निळ्या रंगाने रंगवली, म्हणजे माशांना समुद्र खोल वाटेल. त्या निळ्या काचेच्या मागे एक अरुंद कप्पा आहे. पंप आणि स्पंज तिथे असतात. मागे काय चालते ते मला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टी मला मुळीच आवडत नाहीत.

सुरुवातीला माझ्यात साधे गोल्डफिश होते. मग रघुवीरला प्रवाळांचे वेड लागले. खास मीठ कालवून त्याने माझ्या पोटात समुद्राचे पाणी तयार केले आणि बोटाएवढे प्रवाळाचे तुकडे दगडांवर चिकटवले. वर्षानुवर्षे सांभाळले तेव्हा कुठे ते जांभळे, हिरवे, पोपटी होऊन फुलले. एका समुद्रफुलात केशरी-पांढऱ्या माशांची जोडी राहायला आली. लाल पट्ट्याची कोळंबी दगडाखालून मिशा हलवायची. ऑफिसातून आला की रघुवीर बूट काढायच्या आधी माझ्यासमोर उभा राहायचा. तेव्हा मला फार बरे वाटायचे, हे कबूल करते.

घरात आणखी दोन माणसे. रघुवीरची आई मीराबाई मूळच्या मालवणकडच्या. कोळंबीकडे बघून त्या हमखास विचारायच्या, "ह्येचा कालवण कधी होतला?" रघुवीर हसायचा आणि म्हणायचा, "आई, तू फक्त हात लावू नकोस." त्याची बायको दर्शना दादरच्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते. तिचे आणि माझे पहिल्यापासून जमले नाही. "माशांना गारवा हवा म्हणून मशीन आणलं, आणि मला स्वयंपाकघरात साधा पंखा नाही," असे ती एकदा म्हणाली होती. मी ते लक्षात ठेवले. शेजारचे कोंडीराम बिडीच्या वासाची बोटे माझ्या काचेवर टकटक वाजवायचे. तेही मी लक्षात ठेवले.

नारळी पौर्णिमा आली. मीराबाई दरवर्षी चौपाटीवर जाऊन समुद्राला नारळ द्यायच्या. यंदा गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केली होती. सकाळी घरात कोणी नसताना त्या माझ्यासमोर आल्या. त्यांनी नारळ माझ्या काचेला लावला, हळद-कुंकवाचे बोट टेकवले आणि डोळे मिटून पुटपुटल्या, "माझ्या झिलाक सुखी ठेव." मग भिंतीला हात लावत माझ्या मागच्या बाजूला गेल्या आणि थोड्या वेळाने परत आल्या. दुपारी नारळीभात झाला. टेकवलेल्या बोटाचा मला राग आला नाही, असे तेव्हा पहिल्यांदाच घडले.

आठवडाभरात कोळंबी उताणी पडली. गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडल्या. प्रवाळांनी तोंडे मिटली ती उघडलीच नाहीत. मग त्यांचे रंग चिकट होऊन पाण्यात सुटू लागले, समुद्रफूल विरघळले आणि माझे पाणी दुधासारखे पांढरे झाले. केशरी जोडी वर येऊन तोंडे उघडत राहिली आणि शेवटी तीही थांबली. रघुवीरने मीठ तपासले, पाण्याचा गारवा तपासला. सगळे बरोबर होते. तो माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडला. एवढा मोठा माणूस असा रडताना मी कधी पाहिला नव्हता.

रडून झाल्यावर त्याने डोळे पुसले आणि तो दोषी माणूस शोधू लागला. मीसुद्धा शोधत होते. दर्शनावर आम्हा दोघांचे एकमत झाले.

"खरं सांग, काच कशाने पुसलीस?" त्याने दर्शनाला विचारले.

"कोरड्या फडक्याने."

"आणि तो काचा पुसायचा निळा स्प्रे?"

"तो खिडकीसाठी आहे. रघू, तू मला विचारतोयस की सांगतोयस?"

त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद झाले. डबा टेबलावर मुकाट्याने ठेवला जाई आणि मुकाट्याने उचलला जाई. रात्रीचे जेवणसुद्धा तो तिच्याकडे पाठ करून जेवायचा. दर्शनाचा चेहरा उतरत गेला आणि मला वाटत राहिले, बघा, अपराधी माणूस असाच दिसतो.

मीराबाईंना कोंडीरामांचा संशय होता. "तेची नजर बरी नाय," त्या सांगत सुटल्या होत्या.

शेवटी एका रविवारी रघुवीरने मला रिकामे करायला घेतले. मीराबाई खालच्या मजल्यावर भजनाला गेल्या होत्या. पाणी उपसायला दोन माणसे लागतात, म्हणून दर्शना न बोलता बादली धरून उभी राहिली. रघुवीरने मागच्या कप्प्यातून पंप ओढून काढला. त्याच्याबरोबर काहीतरी हिरवे पडले आणि जमिनीवर घरंगळले.

दर्शनाने ते उचलले. भोकाचा जुना तांब्याचा पैसा होता.

"आईंच्या देव्हाऱ्यातला," ती म्हणाली.

रघुवीरच्या तोंडचे पाणी पळाले. प्रवाळाच्या पाण्यात तांबे म्हणजे जहर, हे त्याला पक्के ठाऊक होते. समुद्राला नारळाबरोबर पैसा वाहायचा असतो, हेही ठाऊक होते. मीराबाईंनी तो मागच्या बाजूने हळूच सोडला होता, लेकाच्या भल्यासाठी.

तेवढ्यात दार वाजले. दर्शनाने पैसा मुठीत लपवला.

"कारण सापडलां काय रे?" आत येताच मीराबाईंनी विचारले.

रघुवीरने तोंड उघडायच्या आधीच दर्शना म्हणाली, "आई, माझंच चुकलं. काच पुसताना स्प्रे आत गेला."

"अगो, तुझा लक्ष खय होता?" मीराबाई कडाडल्या. दर्शना मान खाली घालून ऐकत राहिली. माझ्या काचा तेव्हाच तडकल्या असत्या तर बरे झाले असते.

"नाही आई," रघुवीर म्हणाला. "तिने काही केलं नाही. पंप अडकला होता, पाणी फिरलंच नाही."

मीराबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितले. "मगे इतके दिस तिच्यावर राग कित्याक रे झिला?"

"चुकलं माझं," तो म्हणाला. पण तो आईकडे बघत नव्हता, दर्शनाकडे बघत होता.

"बादली धर आधी," दर्शना म्हणाली. "सांडतंय."

मित्रांनो, आज मी रिकामी आहे. संशयी अजूनही आहे, म्हातारपणी स्वभाव कुठे बदलतो? पण माझी एक विनंती ऐका. काही जिवापाड सांभाळत असाल, तर त्याला कशाने इजा होते ते घरातल्या प्रत्येकाला जवळ बसवून सांगा. रघुवीरने ते येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना सांगितले आणि आईला मात्र नुसते हात लावू नकोस म्हटले. माझे सगळे कौतुक करायचे. कुणी मला शोभा म्हणायचे, कुणी छंद. त्या घरात मला खरोखरचा समुद्र मानणाऱ्या मात्र मीराबाई एकट्याच होत्या.