गुडघे नसलेली बाई

मी एक जुना पुतळा आहे. मित्रांनो, गैरसमज नको. चौकातल्या चौथऱ्यावर जो उभा असतो आणि ज्याच्या डोक्यावर कबुतरं बसतात, तो मी नव्हे. तो मोठा माणूस. मी कापडाच्या दुकानातला पुतळा. आता हा शब्द पुल्लिंगी असला तरी मी अंगाबांध्याने बाई आहे, त्यामुळे बाईसारखीच बोलणार. कुणाला खटकलं तर त्याने व्याकरणाच्या सरांकडे तक्रार करावी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पुढचा भाग एका साच्यात, पाठ दुसऱ्या साच्यात, मग दोन्ही चिकटवून घासूनपुसून मला एकसंध केलं. एका कारागिराने डोळे काढले, भुवया काढल्या, ओठांवर हसू काढलं आणि केससुद्धा रंगानेच काढले. सगळं अगदी मन लावून केलं त्याने. फक्त गुडघे दिले नाहीत. त्याचा दोष नाही, साच्यातच नव्हते. जिला जन्मभर उभंच राहायचं तिला गुडघे कशाला, असा विचार कुणीतरी आधीच करून ठेवला होता. त्यामुळे मला बसता येत नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, कारण आमच्यात सगळ्या तशाच होत्या.

तिथून मी गवतात गुंडाळून या दुकानात आले. दुकान मोठं, रस्त्याला लागून, पुढे काचेचं दालन. त्या काचेत मला उभं केलं आणि मला सजवायचं काम एका नव्या मुलीला दिलं. तीही नवी, मीही नवी. ओठांत टाचण्या धरून ती मला कापड नेसवायची आणि अंगानेही अगदी काडी होती, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणू लागले. खरं नाव हजेरीपुरतं उरलं. मला सांगायचं आहे ते तिच्याबद्दल. माझं आयुष्य ते काय, एका जागी उभं राहून गेलेलं.

टाचणीच्या हाताला काही वेगळंच होतं बघा. अखंड कापड घ्यायची, कात्री न लावता नुसत्या चुण्या आणि टाचण्यांवर त्याचा असा झगा उभा करायची की शिवलेला वाटावा. टाचणी लावताना मला म्हणायची, "थांब हं, टोचेल." मला काही टोचत नाही हे तिला ठाऊक होतं. तरी म्हणायची. रस्त्यावरची माणसं थबकायची, आत येऊन विचारायची, की त्या बाईच्या अंगावर आहे ते दाखवा. कौतुक सगळं माझं व्हायचं. टाचणी शेजारीच उभी असायची, पण तिला कोण बघतंय?

दुकानाचा एक नियम होता. सकाळी शटर वर गेलं की ते खाली येईपर्यंत कामाच्या माणसाने बसायचं नाही. गिऱ्हाईक असो वा नसो. स्टुलं होती, पण ती गिऱ्हाइकांची. मालक काही राक्षस नव्हते. आजारपणात विचारपूस करायचे, पगार उशिरा का होईना द्यायचे, गमतीही करायचे. पण बसणारं माणूस दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. आवाज न चढवता, हसत हसतच म्हणायचे, "ज्याला बसायचंय त्याने घरी बसावं." हे त्यांचं आवडतं वाक्य होतं आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता.

अख्ख्या दुकानात कामाच्या माणसाला बसायची जागा एकच, गल्ल्यावरची. तिथे पाठ टेकायची उंच खुर्ची होती आणि तिच्यावर एक म्हातारे कॅशियर वर्षानुवर्षं बसलेले होते.

एकदा टाचणीची आई दुकान बघायला आली. घरात दोघीच, ही आणि आई. आईचे गुडघे केव्हाच कामातून गेलेले, त्यामुळे सगळी मदार हिच्यावर. लेकीने सजवलेली काच बघून त्या माउलीचा ऊर भरून आला. बाजूच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "माझी लेक स्वतःच्या पायावर उभी आहे हो." टाचणी लाजून हसली आणि तिने अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतला. तेव्हाच तिचे पाय दुखत होते. मला काचेतून दिसत होतं.

पुढे माझे दिवस फिरले. एका बाईला माझ्या अंगावरचंच कापड हवं होतं, तिला दम निघेना, तिने ओढलं आणि माझा डावा हात खांद्यातून निखळला. दुरुस्त करण्याऐवजी नवे पुतळे आले. त्यांना डोकीच नव्हती. मालकांना तसलीच माणसं आवडू लागली असावीत. मला गोदामात टाकलं, कापडाच्या गठ्ठ्यांच्या पुढे, भिंतीकडे जरा कलती करून. धूळ बसली. मित्रांनो, ज्यांनी आपल्याला डोक्यावर घेतलं त्यांच्या एका हाकेवर आपण असतो आणि ती हाक येत नाही. याचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

टाचणी मात्र येत राहिली. आधी धूळ पुसायला यायची. मग दुकानात जिकडेतिकडे कॅमेरे बसले आणि गोदामात तेवढा बसला नाही. तेव्हापासून ती माझ्यामागच्या गठ्ठ्यावर घडीभर बसायला येऊ लागली. कुणी डोकावलं तर आधी मी दिसायची. माझ्या आडोशाला ती पायमोजे खाली करायची.

ते पाय मी पाहिलेत. पोटऱ्यांवर नसांचे निळे गोळे आले होते. घोट्याजवळची कातडी काळवंडली होती आणि तिथे एक जखम झाली होती, काही केल्या भरत नव्हती. डॉक्टरने सांगितलं, उभ्याचं काम सोडा, नाहीतर पाय हातचा जाईल. उभ्याचं काम सोडून कुठलं धरू, हे काही त्याने चिठ्ठीत लिहून दिलं नाही.

अशात म्हातारे कॅशियर निवृत्त झाले आणि गल्ल्याची खुर्ची रिकामी झाली. टाचणीने मालकांकडे जाऊन स्वतःच्या तोंडाने ती जागा मागितली. आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. मालक म्हणाले, बघू. त्या एका शब्दावर ती किती दिवस जगली म्हणून सांगू! गोदामात येऊन गठ्ठ्यावर ताठ बसायची, मांडीवर हात ठेवायची आणि मला विचारायची, "अशी बसले तर शोभेन ना गं?" पगार थोडा वाढला असता, पण तिला पगाराचं नव्हतंच. तिला खुर्ची हवी होती. मोठेपणाची नव्हे हो, बसायची.

खुर्ची धाकटीला मिळाली. धाकटी म्हणजे दुकानातली सगळ्यात लहान मुलगी. कापड हातात कसं धरायचं इथपासून तिला टाचणीनेच शिकवलेलं. पोर गुणी, आकडेमोडीत तरबेज. तिच्याबद्दल वाईट बोलायला जागा नाही, हेच जास्त अवघड होतं. टाचणीने मालकांना कारण विचारलं. मालक मनापासून म्हणाले की तुझ्यासारखं दुकानात दुसरं उभं कोण राहणार? तू उभी असलीस की मला काळजी नसते. गल्ल्यावर काय, कुणीही बसेल.

म्हणजे ती उभं राहण्यात पटाईत, म्हणून तिने उभंच राहायचं. हे मालकांनी कौतुक म्हणून सांगितलं होतं. आणि तिची रवानगी केली अस्तराच्या विभागात, दुकानाच्या पार टोकाला, गोदामाच्या दारापाशी. गिऱ्हाईक तिकडे कमी फिरकतं, तुला आराम, म्हणाले. गिऱ्हाईक कमी म्हणजे चालणंही कमी, नुसतं उभं राहणं जास्त. त्या दिवशी ती माझ्यामागे येऊन बसली नाही, कोसळली. तोंडात पदर कोंबावा तसा अस्तराचा तुकडा कोंबून रडली. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

मग रोज तेच दळण सुरू झालं. सोडू का? मागच्या गल्लीतल्या शिंप्याने तिला बोलावलं होतं. फाटलेलं दुरुस्त करायचं, लांबी कमीजास्त करायची, मशीनवर बसून. पण पैसे नगावर, इथल्यापेक्षाही कमी, आणि काम नसेल त्या दिवशी काहीच नाही. दुसरी दुकानं पाहिली, तिथेही उभंच. आईचं औषध थांबवता येत नव्हतं. घरमालक थांबणार नव्हता. इथे राहिले तर पाय जातो, गेले तर घर. ती हे सगळं मला पुन्हा पुन्हा सांगायची आणि शेवटी विचारायची, "तूच सांग आता, काय करू?" मी काय सांगणार? माझं तोंड रंगवलेलं. ती हुंदके द्यायची आणि मी आपली हसतेच आहे. त्या कारागिराचा मला तेव्हा पहिल्यांदा राग आला.

एका सकाळी तिच्या जखमेतून मोज्यावर डाग आला. पाय टेकवेना. अस्तराला गिऱ्हाईक नव्हतं. ती गोदामात आली, गठ्ठ्याकडे बघितलं, दाराबाहेरच्या कॅमेऱ्याच्या दिशेला बघितलं आणि मग माझ्याकडे. तिने दुकानाचा निळा कोट काढला आणि माझ्या अंगात चढवला. रिकामी बाही खिशात खोचली. डोक्याचा रुमाल मला बांधला. सवयीने म्हणाली, "थांब हं, टोचेल." मग मला मिठीत धरून, लंगडत, कॅमेऱ्याच्या नजरेआडून कडेकडेने नेऊन तिच्या जागी उभं केलं. पाच मिनिटं, मला म्हणाली, पाचच मिनिटं. आत गठ्ठ्यांवर पाय वर करून पडली आणि तिचा डोळा लागला.

किती तरी दिवसांनी मी दुकानात उभी होते. खरं सांगू, मला बरं वाटलं. सकाळ गेली, दुपार कलली. कुणी आलं नाही. मी माझं काम चोख केलं, हलले नाही.

शेवटी धाकटी आली. धावत आली होती. मला बघून जागच्या जागी थिजली. मग गोदामात गेली आणि टाचणीच्या पायाशी खाली बसली. मोज्यावरचा डाग तिला दिसला. टाचणी दचकून उठली तशी धाकटी म्हणाली, "ताई, मालक सगळ्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर तुम्हाला दाखवतायत. म्हणाले, शिका काहीतरी हिच्याकडून. सकाळपासून हललीसुद्धा नाही."

टाचणी हसायला लागली. हसता हसता पोट धरलं, हसता हसता रडली. इतकी वर्षं तिने ज्यांच्यासाठी पाय झिजवले त्यांना ती आणि मी, यातला फरक कळला नव्हता. धाकटी रडवेली होऊन म्हणत होती की मी मालकांना सांगते, तुम्ही बसा गल्ल्यावर, मला नको ती खुर्ची. टाचणीने तिच्या गालावरून हात फिरवला.

"ती तुझी आहे. नीट बस. पाठ टेकून बस."

मग ती उठली. कोट माझ्याच अंगावर राहू दिला. लंगडत, सगळ्यांच्या देखत दुकानाच्या मधोमध गेली, गिऱ्हाइकाचं स्टूल ओढलं आणि बसली. बरोबर कॅमेऱ्याखाली. मालक केबिनमधून बाहेर आले. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग लांब अस्तरापाशी उभ्या माझ्याकडे, मग परत तिच्याकडे. चेहरा गोंधळला. शेवटी सवयीचंच वाक्य तोंडात आलं.

"टाचणी, ज्याला बसायचंय..."

"त्याने घरी बसावं," ती म्हणाली. "ठाऊक आहे, मालक. जाते. एवढं बसून घेऊ द्या, पाय ठणकतोय."

आणि ती खरोखरच घडीभर बसली. कुणाची तिला उठवायची छाती झाली नाही. मग उठून मोठ्या दाराने गेली, काचेसमोरून. जाताना तिने डोकं नसलेल्या एका पुतळीच्या अंगावरची एक सुटलेली टाचणी नीट लावली.

पुढे छान झालं असं सांगायला मला आवडलं असतं. धाकटी अधूनमधून येऊन सांगते तेवढंच मला कळतं. टाचणी शिंप्याकडे बसते. काम कधी असतं, कधी नसतं. घर बदलावं लागलं, आता एकाच खोलीत दोघी राहतात. जखम भरत आली आहे, पण फार सावकाश. आईने पहिल्या दिवशी विचारलं म्हणे, आता लोकांना काय सांगू? टाचणी म्हणाली, सांग, लेक बसली. मग आईने लेकीचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

मी परत गोदामात आहे. कोट काढून नेला, तो कुणाच्या तरी अंगावर आहे. परवा धाकटी आली ती बराच वेळ माझ्यामागे बसली. मालकांनी गल्ल्याची खुर्ची काढून उंच टेबल आणलं आहे. उभ्याने हिशेब चटचट होतो म्हणे.

मित्रांनो, तुम्ही माझी धूळ पुसा, माझा हात जोडा, असं मी मागत नाही. तुम्ही दुकानात जाल, तिथे तुमच्यासाठी कुणीतरी गठ्ठ्यामागून गठ्ठा उलगडत असेल. तेव्हा स्टुलावर बसण्याआधी एकदा त्या माणसाच्या पायांकडे बघा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, तुम्हीही बसा ना. माझ्यासमोर आलात तर मात्र म्हणू नका. मला गुडघे नाहीत.