रेक्टरीचा मागचा जिना

देवयानीने दिवाणखान्याच्या भिंतीवर बोटाने टकटक केली, दोन पावलं सरकून पुन्हा केली. दुसऱ्यांदा आवाज पोकळ आला.

"ऐकलंत, भावोजी? आत जुनं लाकडी घर आहे. समोरचा विटांचा थाट नंतर कुणा पाद्रीबुवांनी हौसेने चढवलाय."

"पण दिसतं किती रॉयल!" श्रीकांत म्हणाला.

त्याच्या अंगात नवंकोरं ट्वीडचं जाकीट होतं. रेक्टरी म्हणजे इंग्लिश गावच्या पाद्र्याचं जुनं घर, हे सध्या राहत होते त्या स्टॅनमोरमध्ये ओळखीच्या प्रत्येकाला त्याचं समजावून झालं होतं. खरेदीच्या कागदांवर सही करण्याआधी मेव्हणीने एकदा नजर टाकावी, एवढंच आता बाकी होतं. देवयानीचं कामच जुन्या इमारतींचं.

"वरची शेवटची खिडकी खोटी आहे," ती म्हणाली. "मागे नुसती भिंत. बाहेरून दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून."

"क्लास होता त्या लोकांना!"

पाद्रीबुवांचं आणि भावोजींचं छान जमलं असतं, असं देवयानीच्या मनात आलं. वाशांना कीड, जोत्याला ओल. सांगायची वाक्यं तिने मनात घोळवून ठेवली होती. त्याचा चेहरा उतरताना तिला बघायचा होता.

श्रीकांत एजंटला फोन करायला बागेत गेला. नीना, देवयानीची थोरली बहीण, स्वयंपाकघरामागच्या अरुंद जिन्याने वर गेली, खाली आली आणि पुन्हा वर गेली.

"हा जिना कशासाठी गं?" वरून तिने विचारलं.

"नोकरांसाठी, ताई. मालकांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. वरच्या खोलीतून खाली स्वयंपाकघरात, तिथून परस्पर बाहेर."

"म्हणजे समोरासमोर न येता दिवस जाऊ शकतो."

"जायचेच की. वर्षानुवर्षं."

वर खोलीचं दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला, मग उघडल्याचा. नीना सावकाश खाली उतरली.

"आतून नीट लागते," ती म्हणाली. "स्टॅनमोरला कुठल्याही खोलीत बस, त्याचं बोलणं ऐकू येतं."

नळ गळतो म्हणून सांगावं, तशा सुरात ती हे बोलली. देवयानीने त्या अरुंद जिन्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"काय मॅडम, रिपोर्ट काय?" बागेतून श्रीकांत ओरडला. "घ्यायचं की नाही?"

देवयानी दारात आली. नीना तिच्याकडे बघत नव्हती.

"घ्या, भावोजी. तुम्हाला शोभेल. कीड आणि ओल यांचा खर्च तेवढा धरून चाला. आणि मागच्या भागाला हात लावू नका. घर लिस्टेड आहे, जपणुकीच्या सरकारी यादीत; कौन्सिल परवानगी देणार नाही."

"मागे जायचंय कुणाला!" श्रीकांत हसला. पुढच्या दारासमोर छाती काढून उभा राहिला आणि बाहेर आलेल्या नीनाच्या हातात फोन दिला. "ये ना, तूही ये. सेल्फी काढू."

"नको. घर पूर्ण यायला हवं," नीना म्हणाली. तिने फोन डोळ्यांसमोर धरला. "जरा मागे सरक. अजून. अजून थोडा."