पोलिसाविना

"आज पोलीस नाही संगं?" डायलिसिसच्या खोलीतल्या सिस्टरनं विचारलं.

"सुटलो मी, सिस्टर. जामिनावर," नेमसिंग म्हणाला.

सिस्टरचा चेहरा उतरला. "मंग तुमाले आता बाहेरच्यांसंगं नंबर लावा लागते, भाऊ. खाट रिकामी नाही."

बांधावरच्या मारामारीत आत गेला तेव्हा नेमसिंग धडधाकट होता. खटला उभा राहायच्या आत तुरुंगात त्याच्या किडन्या गेल्या. शिपाई त्याला बेडी घालून या सरकारी दवाखान्यात आणत, आणि मशीन त्याच्यासाठी मोकळं असे. परवा मेहुणा खेमसिंग जामीनदार राहिला आणि त्याची सुटका झाली.

"खासगीत सरकारी योजनेतून होते, फुकट," सिस्टर त्याच्या बायकोला, जमनीला म्हणाली. "थांबू नका. अंगावर सूज चढून राह्यली."

खासगी दवाखान्यातल्या मुलीनं कॉम्प्युटरवर रेशनकार्ड पाहिलं. "यात तुमचं आणि दोन मुलींचं नाव आहे. यांचं नाही."

"नाही कसं? माहा मालक हाय थो!"

"रेशन दुकानात अंगठा लावायला बोलावलं होतं ना? ज्यांनी लावला नाही, त्यांची नावं कटली."

"जेलात होता बाई थो. अंगठा घेवाले तिथं कोण गेलतं?"

मुलीनं रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावलं.

बाहेर बाकावर बसून नेमसिंग धापा टाकत म्हणाला, "मी वापस जेलात जातो, जमनी."

"पोरी रोज दारात बसून राहत तुमच्यासाठी. त्यायले काय सांगू?"

"जिता राह्यलो तं पोरी भेटाले येतीन तिथं."

 कार्डात नाव पुन्हा चढवायला त्याला घेऊन जमनीनं दिग्रसची बस धरली. तहसीलमध्ये सुजलेला अंगठा मशीन घेईना. जमनीनं तो पदरानं पुसून पुन्हा पुन्हा टेकवला, तेव्हा कुठं दिवा हिरवा झाला.

"झालं," बाबू म्हणाले. "नाव दिसायला आठ-दहा दिवस लागतील."

"इतके दिवस नाही निघत जी माह्या मालकाचे."

"माझ्या हातात नाही बाई."

तहसीलच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली नेमसिंगला बसवून तिनं भावाला, खेमसिंगला, फोन लावला.

"भाऊ, जामीन वापस घे."

"येडी झाली काय? आताच तं आणलं घरी!"

"आजच घे," ती म्हणाली. बोलताना तिनं नवऱ्याकडे पाठ केली होती.

"पाणी," नेमसिंग पुटपुटला.

लघवी बंद झालेल्या माणसाला पाणी म्हणजे विष, हे सिस्टरनं बजावलं होतं. जमनीनं पदराचं टोक भिजवून त्याचे ओठ ओले केले. तो ते टोक चोखू लागला. तिनं हळूच सोडवून घेतलं.

उन्हानं तिचाही घसा सुकला होता. तिनं भरलेल्या बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि ती त्याला दिसणार नाही अशी मागं ठेवून दिली.