विहिणीच्या पानातला मांडा

“पुनाअक्का, जाळ कमी कर! खापर फुटी जाई,” सुकदेव आचारी पलीकडच्या कढईवरून ओरडला.

मी एक लाकूड मागं ओढलं आणि कोपरापर्यंत पसरलेला पुरणाचा मांडा उलट्या खापरावर टाकला. सोनगीरच्या त्या लग्नात दीडशे मांडे करायचे होते. पंचवीस वर्षं मी हेच काम करते. पण हे काम मी मागून घेतलं होतं, सुकदेवनं नवऱ्या मुलाचं नाव सांगितलं तेव्हाच. शिरपूरचा दीपक. दुसरेपणाचा. त्याची पहिली बायको म्हणजे माझी नूतन.

मुलीकडच्या त्या मांडवात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

नूतनला मांडे मीच शिकवले. तिची सासू ताईबाई गावभर मिरवायची, “मन्ही सूननासारखा मांडा कोनलेच येत नई.” दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे पुतण्याच्या जावळाला साठ माणसं जेवायला होती. नूतनच्या अंगात तीन दिवसांचा ताप. ताईबाईनं तिला तसंच चुलीपुढं बसवलं. शेवटचं पान उठल्यावर पोरगी आडवी झाली. धुळ्याच्या दवाखान्यात आणली, तर डॉक्टर म्हणाले, डेंगू आहे, उशीर केलात. दहाव्याला ताईबाई मला म्हणाली, “नाजूक व्हती तुन्ही पोर.”

माझी जीभ तेव्हा अशी होती की मला येताना पाहून नळावरच्या बायका हंडा बाजूला घ्यायच्या. त्या दिवशी मात्र तोंडातून एक शब्द निघाला नाही.

दवाखान्यात तानुबाई नावाची आया होती, सातपुड्याच्या पायथ्याची. तिनं नूतनचे हात कोमट पाण्यानं धुतले होते. नखांत पुरण अडकलं होतं, ते एकेका बोटातून हळूहळू काढलं होतं. महिन्यानं मी तिलाच शोधत गेले. तिच्या खोलीत रविवारी दहाबारा ख्रिस्ती विश्वासी प्रार्थनेला जमत. तिथं मला येशू भेटला. यापेक्षा वेगळं मला सांगता येत नाही. मिसरी सुटली, शिव्या सुटल्या, आवाज खाली आला. शेजारीण म्हणाली, “हाई आम्हनी पुनाबाई नई. खरी कोठे दपाडी ठेवी?” जुनीला मी कुठं लपवून ठेवल्यासारखं.

रोज पहाटे गुडघ्यावर बसायचं, प्रभूनं शिकवलेली प्रार्थना म्हणायची, शुक्रवारी उपास करायचा. हे नेम मी एक दिवस मोडले नाहीत. फक्त त्या प्रार्थनेत दुसऱ्याला क्षमा करण्याची एक ओळ आहे, ती मी गाळत असे. तानुबाईच्या ते लक्षात आलं होतं.

“देव आयकस, अक्का.”

“आयकू दे. त्याले मन्ही नूतन बी आयकू येत व्हई.”

आमच्याकडे विहिणीची पंगत बसली की मुलीकडच्या बायका गाण्यातून तिची टर उडवतात. गाण्यात काहीही म्हणा, विहिणीनं पानावरून उठायचं नाही, हसत ऐकायचं. दीपकचं दुसरं लग्न कधीतरी होणारच, म्हणून दोन वर्षं मी मनातल्या मनात एक गाणं रचत होते. पुरण वाटताना एक ओळ, पीठ तिंबताना एक ओळ. शेवटची अशी होती: “तापमा जळनी मन्ही आंडेर, तुले गोड लागना मांडा व.” माझी लेक तापात जळाली आणि तुला मांडा गोड लागला, हे सांगायचं होतं, साऱ्या मांडवादेखत. ताईबाईला उठता येणार नाही आणि बसवणारही नाही. या एका गोष्टीसाठी मी जगत होते म्हटलं तरी चालेल.

पन्नासेक मांडे झाले असतील, तेवढ्यात मागच्या दारानं नवरी आली. दीपमाला. हळदीचं अंग, हसरी.

“मावशी, एक मला टाकू द्या ना! सासूबाईंना मांडा फार आवडतो म्हणे. पहिलीच्या हातचा कसा असायचा ते फोनवर अर्धा तास सांगत होत्या. माझी तर साधी पोळीपण गोल होत नाही.”

मी गोळा दिला. तिनं तो हातावर घेतला, घाईनं झटकला. मधोमध फाटला.

“झटकू नको. हात पुढं धर आणि थांब. तो आपल्या वजनानं उतरतो,” मी सवयीनं बोलून गेले.

हे मी नूतनला म्हणायचे. तेच शब्द. मी दीपमालाच्या हातातलं फाटकं पीठ काढून घेतलं.

“शिकू नको.”

“का हो?”

“येत नाही म्हण. जन्मभर येत नाही म्हण. ती पहिली माझी मुलगी होती.”

तिचं हसू तिथंच थांबलं. “त्या... तापानं गेल्या ना?”

“तापात मांडे करत होती. साठ माणसांचे.”

सुकदेवच्या सामानाच्या यादीचा कोपरा फाडून मी त्यावर माझा नंबर लिहिला. “साधी कणकण आली तरी फोन कर. मी न्यायला येईन.” आतून कुणीतरी तिला हाक मारली. तिनं कागद मुठीत घट्ट धरला आणि गेली.

विहिणीची पंगत बसली. बायकांनी सूर लावला, “याहीण उनी मांडवमा, नथ लेवाले उसनी व, मांडा खादात पाच पाच, तरी म्हणस उपाशी व!” हशा झाला. मांड्यांची परात घेऊन मी पुढं झाले. ताईबाईनं वर पाहिलं. तिचा हात पानावर होता तसाच राहिला.

“पुनाअक्का, आते तू म्हण ना व!” बायका म्हणाल्या.

गाणं ओठावर होतं. समोर तीच, पानाला खिळलेली. मी तोंड उघडलं, आणि दारात उभी असलेली दीपमाला दिसली. मूठ अजून मिटलेली. मी गायले असते तर ताईबाईची ही फजिती आजच शिरपूरला गेली असती. तिथं राग काढायला तिच्या हाताशी कोण होतं? हीच पोर.

दोन वर्षांचं गाणं मी गिळलं. ते गोड लागलं असं कुणी समजू नये.

मी वाकले, तिच्या पानात मांडा वाढला, वर तूप सोडलं आणि तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, “खाय, विहीणबाई. हाऊ मांडा तापमा करेल नई शे.”

तिनं तुकडा मोडला. तो तोंडापर्यंत गेला नाही. बायका गात होत्या, ती उठू शकत नव्हती. पंगत उठेपर्यंत मी तिच्या समोरून हलले नाही. प्रभूला हे आवडलं नसेल. मला आवडलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेमानं गुडघ्यावर बसले. प्रार्थना त्या ओळीशी आली. मी ती म्हटली नाही. पण गाळून पुढंही गेले नाही. तिथंच थांबले. बाहेर उजाडलं, दूधवाल्यानं कडी वाजवली, निघून गेला. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं, माझे दोन्ही हात पुढं आले होते, कोपरापर्यंत, मांडा धरल्यासारखे. भरून आले होते.

मी ते खाली घेतले नाहीत.